बाईकला ९१ घालू की ९५? ऍव्हरेजला खरंच फरक पडतो का?

नवा_स्वार
मंडळी, बाईक १५० सीसी, एअर-कूल्ड, फ्युएल इंजेक्शनवाली. चार वर्षांत ३८ हजार किमी झाले. इतके दिवस साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल घालत होतो. महिन्यापूर्वी मित्र मागे लागला की ९५ घाल, पिकअप वाढतो, ऍव्हरेज पाचने वाढतं. दोन टाक्या झाल्या. पहिल्या दिवशी वाटलं, अरे हो, बाईक पळतेय की! दुसऱ्या टाकीला तसं काही जाणवेना. ऍव्हरेज ४७ चं ४८ झालं. चढावर पाचव्या गिअरला इंजिनातून टकटक येते, ती मात्र कमी झालीये. आता ९५ वरच राहू का?

चेन_ल्युब
पहिल्या दिवशी पळाली कारण खिसा हलका झाला होता. वजन कमी ना! :)

ग्रीसचे_हात
वरच्यांचा विनोद सोडा, पण पहिल्या दिवशीचा पिकअप बहुतेक मनातलाच असतो. जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल किती दाब आणि किती उष्णता सोसून गप्प राहतं, त्याचं ते माप. प्लगची ठिणगी पडली की आग सिलिंडरभर पसरत जाते. ती पोचायच्या आत कोपऱ्यात दाबलं गेलेलं मिश्रण आपलं आपणच पेटलं, तर पिस्टनवर हातोडी बसल्यासारखा दणका बसतो. तुमची टकटक ती हीच, हिलाच नॉकिंग म्हणतात. आयसो-ऑक्टेनला १०० धरलंय आणि हेप्टेनला ०. तुमचं ९१ म्हणजे जे पेट्रोल नॉकिंगच्या बाबतीत ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं ते. लिटरमागे ऊर्जा किती, हे या आकड्यात कुठेच येत नाही.

उलट ऑक्टेन वाढवायला इथेनॉल जास्त घातलेलं असेल तर ऍव्हरेज थोडं उतरूही शकतं. इथेनॉलचा ऑक्टेन भरपूर, पण एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा.

जास्त ऑक्टेनचा फायदा कोणाला? ज्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) जास्त आहे किंवा ज्याचं टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे नेता येतं त्याला. नॉक सेन्सर असला तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आवाज ओळखून टाइमिंग मागेपुढे करतो. बहुतेक छोट्या बाईकना तो नसतोच. टाकीत ९१ आहे की ९५, हे तुमच्या ईसीयूला कळायला मार्गच नाही. तो ठरलेल्या मॅपप्रमाणे ठिणगी टाकत राहणार. तेव्हा मॅन्युअलमध्ये ९१ असेल तर ९१ घाला आणि निवांत राहा.

आता ऍव्हरेजचं. टाकी फुल ते टाकी फुल मोजलंत ना? समजा ३७६ किमी झाले आणि ८ लिटर बसलं, तर ४७. तेवढ्याच अंतराला ७.८ लिटर बसलं की झालं ४८. दोनशे मिलीचा फरक तर बाईक साइड स्टँडवर होती की मेन स्टँडवर, एवढ्यानेच पडतो. एका टाकीवर काही ठरवू नका. तोच रस्ता, तोच स्टँड, टायरमध्ये तेवढीच हवा, अशा निदान तीन टाक्या मोजा.

टूरवाला
सहमत, पण टकटक कमी झाली हे खरं असू शकतं. ते काही मनातलं नाही.

ग्रीसचे_हात
बरोबर, तेवढं खरं आहे. पण ९१ वर चालायला बनवलेलं इंजिन ९१ वर नॉक करतंय, तर आधी कारण शोधायला हवं. माझा पहिला संशय गिअरवर. पाचव्यात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पाडून चढ ओढला की कोणतंही एअर-कूल्ड इंजिन कुरकुरणार. दुसरा संशय काजळीचा. पिस्टनच्या डोक्यावर थर साचला की आतली जागा कमी होते, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, वर काजळी तापून राहते ती वेगळीच. आणि हो, आवाज न्यूट्रलला नुसतं चालू ठेवल्यावरही येत असेल तर ते टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) असतील. त्याचा पेट्रोलशी संबंध नाही.

रेडलाइन_१२
माझ्या मॅन्युअलमध्ये तर ८७ लिहिलंय! पंपावर ८७ मिळतच नाही. ९१ घातलं तर चालेल?

टूरवाला
८७ कोणत्या मापाचं ते बघा. आकड्याशेजारी 'आर अधिक एम भागिले दोन' असं असेल तर ते अमेरिकी पद्धतीचं, आरओएन आणि एमओएन या दोन चाचण्यांची सरासरी. एमओएनची चाचणी कडक, मिश्रण जास्त तापवून घेतात, म्हणून तो आकडा नेहमी खाली येतो. आपल्या पंपावरचे ९१, ९५ हे आकडे आरओएनचे. त्या अमेरिकी मापातलं ८७ म्हणजे आरओएनमध्ये साधारण ९१-९२. बिनधास्त घाला.

घाटवेडा
माझी उलटी अडचण. कॉम्प्रेशन १२.६, मॅन्युअल ९५ मागतं. लांबच्या प्रवासात एखाद्या पंपावर फक्त ९१ असतं. ऑक्टेन बूस्टरची बाटली जवळ ठेवू का?

ग्रीसचे_हात
बाटली नीट वाचा. '३० पॉइंट वाढवतो' असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन. म्हणजे ९१ चं ९४, तेही सांगितलेलं प्रमाण पाळलं तर. त्यापेक्षा पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढंच ९१ घ्या. टाकीत अर्धं ९५ शिल्लक असेल तर मिश्रण ९३ च्या आसपास येतं. तेवढं अंतर आरपीएम वर ठेवा, कमी आरपीएमला एकदम थ्रॉटल पिळू नका. चढावर टकटक ऐकू आली की लगेच गिअर खाली.

नवा_स्वार
सगळ्यांचे आभार. काल तोच चढ चौथ्याने चढलो, आवाज गायब. पाचव्यात मुद्दाम ओढलं तर ९५ असूनही थोडी टकटक आहेच. न्यूट्रलला शांत. टाकीच्या झाकणापाशी स्टिकर सापडला, ९१ लिहिलंय, चार वर्षांत दिसला नव्हता. आणि मागच्या चाकात हवा ३२ ऐवजी २४ निघाली, हे सांगायला लाज वाटतेय. ही टाकी संपली की परत ९१. तीन टाक्यांचा हिशेब इथेच टाकतो.

चेन_ल्युब
कुठल्या स्टँडवर भरलं तेही लिहा.