भाची चांगली डिफेंडर आहे, म्हणूनच तिला पुढे खेळवावं म्हणतो

गंगापूररोडचा मामा (धागाकर्ता)

भाची सोळा वर्षांची, अकरावीत. पाचवीपासून फुटबॉल खेळते, स्टॉपरला, म्हणजे मधली डिफेंडर. मागच्या महिन्यात एका निवड चाचणीला मीच तिला घेऊन गेलो होतो. चाळीसेक पोरी, वीस-वीस मिनिटांचे सामने, टेबलामागे तिघे निवडकर्ते. भाचीच्या वाट्याला वीस मिनिटांत बॉल तीनदा आला. तिन्ही वेळा समोरचीला गोलपर्यंत जाऊच दिलं नाही. एकदा तर पायसुद्धा घातला नाही, नुसती वाट अडवून उभी राहिली आणि त्या पोरीला कडेला जायला लावलं. मला ते फार आवडलं. निवडकर्त्यांपैकी एक तेव्हा थर्मासातून चहा ओतून घेत होते, दुसरे त्यांच्यासमोर कप धरून होते.

दोन गोल मारणारी पोरगी यादीत आली, आमची नाही.

परत येताना गाडीवर तिला म्हटलं, आता पुढे खेळ. वेग आहे, उंची आहे, हेडर चांगला बसतो. ती गप्प. तिचे सर म्हणतात, पोरीची जागा हलवू नका. पण माझं म्हणणं सरळ आहे, जे दिसतं त्यालाच भाव. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला देतात तो बॅलन डी'ओर, महिलांचा २०१८ पासून देतात, आजवर एकाही डिफेंडरला मिळालेला नाही. २०१९ मध्ये इंग्लंडची राइट बॅक, म्हणजे उजवीकडची डिफेंडर, लूसी ब्रॉन्झ दुसरी आली, तेवढंच. जगात ही तऱ्हा, तर आपल्या चाचणीत काय वेगळं होणार?

जुना स्टॉपर, देवळाली कॅम्प

मामा, चहाचा किस्सा शंभर टक्के खरा असणार. मी असे कप बरेच पाहिलेत. पण त्यावरून काढलेला अर्थ चुकला.

एक तर ब्रॉन्झची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, फिफाने तिला जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. आणि इतक्या लांब कशाला जाता? आपल्या भारतीय महिला संघाकडून शंभर सामने खेळणारी पहिली बाई कोण? मणिपूरची आशालता देवी. स्टॉपर. २०२४ च्या ऑक्टोबरात काठमांडूला दक्षिण आशियाई देशांच्या 'साफ' स्पर्धेत तिचा शंभरावा झाला. मागे खेळणारीला डोकं लागतं, आणि डोकं तिशीनंतरही चालतं. फॉरवर्डचा वेग अर्ध्या पावलाने कमी झाला की दुसरी तयारच असते.

जागा बदलायचीच तर लोक उलटी बदलतात. अमेरिकेची ब्रँडी चॅस्टेन १९९१ च्या वर्ल्ड कपला फॉरवर्ड होती. १९९९ ला जिंकली तेव्हा डिफेंडर.

गंगापूररोडचा मामा

आणि चॅस्टेन लोकांच्या लक्षात कशामुळे राहिली? त्या ९९ च्या फायनलमधल्या चीनविरुद्धच्या शेवटच्या पेनल्टीमुळे! म्हणजे गोलच ना भाऊ. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

जुना स्टॉपर, देवळाली कॅम्प

एकशेवीस मिनिटं ०-० राहिलं म्हणून पेनल्टीची वेळ आली. ते ०-० कोणी राखलं?

हिशोबी

दोघंही पोरगी फुटबॉलर होणार हे धरूनच चाललात. जरा आकडे बघा. फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं की इंडियन वुमेन्स लीगच्या क्लबने निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार द्यावा. महिन्याला सत्तावीस हजारही होत नाहीत. त्याच वर्षी क्रिकेटच्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृती मंधानाला ३ कोटी ४० लाख मिळाले, आणि त्या लिलावात सगळ्यांत कमी बोली सुरू होत होती १० लाखांपासून. फॉरवर्ड की डिफेंडर हा वाद म्हणजे बाजारात तुरी. लीग जिंकलेले क्लब कुठले? मणिपूर, तमिळनाडू, केरळ, ओडिशा, बंगाल. पोरगी घर सोडून जाणार, कशासाठी? बारावीकडे लक्ष द्या.

पंचवटीकरीण

हिशोबी, हा हिशोब सावरपाड्याच्या कविता राऊतला कोणी घातला असता तर २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलचं दहा हजार मीटरचं कांस्य नाशिकला दिसलं नसतं. आणि क्रिकेटमधल्या प्रत्येक पोरीला काय कोटी मिळतात? पहिल्या पाचांचे आकडे सांगायचे आणि बाकीच्यांना गप्प करायचं, ही जुनी युक्ती आहे.

शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर स्पर्धा लिहितात, क्रमांक लिहितात. कोण पुढे होतं न्‌ कोण मागे, हे लिहीत नाहीत.

हिशोबी

त्यासाठी आधी संघात यावं लागतं ताई. आणि संघ निवडताना चहा चालू असतो, असं मामाच म्हणाले.

नेरुळला गेलेली

मी मामांच्या बाजूने, पण कारण वेगळं. ३० ऑक्टोबर २०२२ ला आम्ही लेकीच्या टीममधल्या अकरा जणी आणि चार आया अशा नाशिकहून नेरुळला सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल बघायला गेलो होतो. स्पेन-कोलंबिया. शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत ०-०, आणि मग कोलंबियाच्या आना गुझमान या पोरीकडून स्वतःच्याच गोलात बॉल गेला. स्पेन १-० ने जिंकलं. येताना कसाऱ्यापर्यंत बसमध्ये पोरी त्याच एका मुलीबद्दल बोलत होत्या. तिने त्याआधी किती बॉल अडवले, एकीलाही सांगता येईना. मलाही नाही.

फॉरवर्डने पाच संधी घालवून सहावी मारली की ती हिरो. डिफेंडरने पन्नास अडवून एक सोडला की तो एकच. सोळाव्या वर्षी पोरीने हे कशाला डोक्यावर घ्यायचं?

जुना स्टॉपर, देवळाली कॅम्प

ताई, त्या पोरीचं पुढे काय झालं ते बघितलंत का? नऊ महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०२३ ला, तीच गुझमान मोठ्या बायकांच्या वर्ल्ड कपला मेलबर्नमध्ये जमैकाविरुद्ध डावीकडे मागे खेळत होती. तिने लांबवरून क्रॉस टाकला, कातालिना उस्मेने तो एका टचवर खाली घेतला आणि गोल. १-०. कोलंबियाच्या बायका पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या शेवटच्या आठांत गेल्या. नेरुळच्या रात्री कोणी तिला 'तू जागा बदल' म्हणालं असतं तर?

नेरुळला गेलेली

हे माहीत नव्हतं. लेकीला दाखवते. तरी माझं मत पूर्ण बदललं नाही, हं.

गुडघेदुखी (फिजिओ)

जागा कुठलीही असो, गुडघ्याकडे बघा. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक महत्त्वाचा लिगामेंट, फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा काही पटींनी जास्त असतो, आणि बऱ्याचदा कोणी धक्काही दिलेला नसतो. उडी मारून एका पायावर उतरणं, पळता पळता गर्रकन वळणं, एवढं पुरतं. माझ्याकडे येणाऱ्या पोरींना विचारलं की वॉर्मअप काय करता, तर उत्तर येतं, दोन राउंड. उतरताना गुडघा आत पडतोय का, हे घरच्या जिन्याच्या पायरीवरून उडी मारायला लावूनही दिसतं.

आणि कृपया इथे कोणी लूसी ब्रॉन्झ २०२५ चा युरो नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली, हे कौतुकाने लिहू नका. तिच्यामागे डॉक्टरांची फौज आहे. आपल्याकडे बर्फही शेजारच्या रसवंतीतून आणावा लागतो.

गंगापूररोडचा मामा

सगळ्यांचं वाचलं. काल भाचीलाच विचारलं, तुला पुढे का नको? म्हणाली, "मामा, मागून सगळं मैदान दिसतं. पुढे गेलं की पाठीमागे काय चाललंय ते कळत नाही आणि मला करमत नाही." आता यावर काय बोलायचं? तरी माझा मुद्दा अजून उभा आहे. निवडणाऱ्याला जे दिसत नाही, ते दाखवायचं कसं?

जुना स्टॉपर, देवळाली कॅम्प

व्हिडिओ काढा. पूर्ण सामन्याचा, उंचावरून, गच्ची मिळाली तर उत्तम. तिचे वीस प्रसंग निवडा आणि ज्या क्लबची चाचणी असेल तिथल्या कोचला आधीच पाठवा.

गंगापूररोडचा मामा

रविवारी सकाळी सरावसामना होता. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून चाळीस मिनिटं व्हिडिओ काढला. रात्री टीव्हीला लावून सगळे बघायला बसलो. भाची मोजून चार वेळा दिसते. मी पूर्ण वेळ बॉलच्या मागे मोबाइल फिरवत होतो. ती बघून एवढंच म्हणाली, "तुम्हीपण चहाच पीत होतात का?"

हिशोबी

ट्रायपॉड घ्या मामा. मेन रोडला स्वस्तात मिळतो. मोबाइल लावून ठेवा आणि त्याला हात लावू नका.