आईला दुभाषी करू नका
"मूल ऐकू शकत नसेल तर समुपदेशनाच्या वेळी आईला शेजारी बसवा, ती समजावून सांगेल," असं वर एका ताईंनी लिहिलंय. हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही.

माझी भाची कर्णबधिर आहे, नाशिकरोडच्या एका शाळेत आठवीत शिकते. वर्गातली मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची. समुपदेशक बाई विचारायच्या, माझी बहीण तेच खुणांनी विचारायची, आणि पोर दर वेळी "सगळं ठीक" म्हणायची. आईला वाईट वाटेल म्हणून! शिवाय घरातल्या खुणा जेवण, अभ्यास, झोप एवढ्यापुरत्याच. भीती, अपमान यांना खूणच नव्हती. पुढे सांकेतिक भाषा येणाऱ्या एक शिक्षिका सोबत बसल्या, तेव्हा पाऊण तास तिचे हात थांबले नाहीत.

दृष्टिहीन मुलांचं वेगळं. खोलीत कोणकोण आहे हे त्यांना आधी तोंडाने सांगायला हवं, नाहीतर ती मोकळी कशी होणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. त्याचा उल्लेख करून मुख्याध्यापकांना अर्ज द्या. लेखीच द्या, आणि पोच घ्या.