'किमोनो फॉरेस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

टिपणवही: सहलीला निघालेल्या घरच्या मंडळींसाठी मराठी टिपण करतेय. जपानमध्ये क्योतोच्या आराशियामा भागात रांदेन ट्रामच्या स्टेशनात सुमारे ६०० खांब आहेत, दोन मीटर उंच. ॲक्रिलिकच्या आत युझेन नक्षीचं किमोनोचं कापड, आतून दिवे. अंधार पडला की त्यांच्यामधून हिंडायचं. मी 'किमोनोंचं जंगल' लिहिलं, तर मामा म्हणाले, "जंगलात ट्राम कशी येते?" वन? बन? की फॉरेस्टच ठेवू?

पारंबी: बन. जंगल आपोआप वाढतं, बन लावतात. केळीचं बन.

खाजणकर: केवड्याचं बन कुणी लावलं? आमच्या ओढ्याकाठी आपसूक माजलं होतं, साप असतात म्हणून आजी जाऊ देत नसे. एकाच जातीची दाटी म्हणजे बन. तेच इथे बसतं.

शुद्धमती: बन हे 'वन'चंच घासलेलं रूप. मूळ शब्द असताना अपभ्रंश कशाला? 'किमोनोवन' लिहा.

पारंबी: सोसायटीचं नाव वाटतं. बी विंग, किमोनोवन.

उंडगा: 'राई' का नको? देवराई, आमराई.

खाजणकर: राईत मान वर करून बघावं लागतं. दोन मीटर तर तूरही वाढते. शिवाय आराशियामात खरी बांबूची दाटी आहे, तिला काय म्हणणार? बांबूचं 'बेट' असतं.

उंडगा: बेट म्हटल्यावर लोक होडी शोधतील!

शुद्धमती: 'युझेन'लाही मराठी द्या. चिकट तांदळाच्या लगद्यानं नक्षीची रेघ ओढतात, आत रंग भरतात. रेघेमुळे रंग पसरत नाही. सतराव्या शतकातल्या मियाझाकी युझेनसाई या पंखे रंगवणाऱ्याचं नाव त्याला मिळालं. 'रंगरोधन' कसं वाटतं?

खाजणकर: गळक्या गच्चीवर मारतात तसलं काहीतरी. लगदा कसला, ती खळ. 'खळीची रेघ' म्हणा.

शुद्धमती: खळ कापड ताठ करायला असते.

पारंबी: पतंग चिकटवतो तीही खळच की.

उंडगा: आमच्याकडे लुगड्यांना पेज घालत.

खाजणकर: पेज पितात हो.

उंडगा: मीठ घातलं तर प्यायची, नाहीतर लुगड्याला. पातेलं एकच.