मुलगा चौथीत आहे, वाचताना अडतो. नेमकं कारण कसं शोधायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही अमळनेर तालुक्यात एका गावात राहतो, घरची शेती, कापूस आणि रब्बीला दादर ज्वारी. मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत आहे, सेमी इंग्लिश, शाळेची व्हॅन येते. बोलायला एकदम चलाख. घरात सगळी अहिराणी चालते, आजीशी तर तो मराठी बोलतच नाही. पण पुस्तक समोर ठेवलं की अडतो. 'मगर' लिहिलेलं असेल तर 'गरम' वाचतो, 'घर'ला 'धर', आणि जोडाक्षर आलं की पहिलं अक्षर धरून बाकीचा शब्द मनानेच लावतो. 'सूर्य' त्याने एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलाय, सुर्य, सुरय आणि सूय. फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो.

मागच्या आठवड्यात कापूस वेचणाऱ्या बायांचं माप चाललं होतं. आप्पा (माझे सासरे) काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगत होते आणि हा बाजूला बसून हिशोब करत होता. सदतीस किलो म्हटल्याबरोबर दहा रुपयाने तीनशे सत्तर सांगून मोकळा, पुढच्या बाईचे सव्वीस आणि आदल्या दिवसाचे एकोणीस धरून साडेचारशे, हे पण तोंडीच. आप्पांनी कौतुकाने वही त्याच्याकडे दिली की आता तूच लिही. त्याने सदतीसचे ७३ लिहिले. आप्पा काही बोलले नाहीत, पण त्याला कळलं. पेनने लिहिलेलं होतं, बोटाला थुंकी लावून इतकं घासलं की पान फाटलं. तेव्हापासून माप सुरू झालं की तो आत जाऊन बसतो.

आता ज्याला विचारावं त्याच्याकडे एक कारण तयार आहे. वर्गबाई म्हणतात लक्ष देत नाही, घरी मोबाईल बंद करा (केला, सहा महिने झाले, फरक शून्य). ट्यूशनचे सर म्हणतात आळशी आहे. पुण्याची नणंद म्हणते डिस्लेक्सियाच (वाचन-लेखनातली अडचण) आहे, तिने रील पाहिलं. आप्पा म्हणतात मराठी शाळेत टाका. आमचे हे म्हणतात मी पण असाच होतो, दहावीला दोनदा बसलो, काय बिघडलं? आणि सासूबाई म्हणतात, "त्याले बठ्ठं समजस, वाचाले बसना का डोया भरी येतस." (त्याला सगळं समजतं, वाचायला बसला की डोळे भरून येतात.) मला तरी सगळ्यात खरं त्यांचंच वाटतं.

लॉकडाऊनमुळे बालवाडीची दोन्ही वर्षं घरातच गेली हेही डोक्यात येतं. पुढच्या वर्षी पाचवी, आता पाचवीला वार्षिक परीक्षेत नापास करण्याचा नियम आलाय, त्याची धास्ती वेगळीच. परवा रात्री झोपताना त्याने विचारलं की मी ढ आहे का. मी नाही म्हटलं पण मग काय आहे ते मलाच सांगता येईना.

तर विचारायचं हे की सुरुवात कुठून करायची? आधी कोणता डॉक्टर, कोणत्या टेस्ट, कोणत्या क्रमाने? नुसतं नाव चिकटवून द्यायला नकोय मला, का होतंय ते कळायला हवं. धुळं जवळ, जळगाव पण जमेल, मुंबईला सारखं जाणं होणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी विशेष शिक्षक आहे, शाळांमध्ये समावेशित शिक्षणाचं काम करतो. तुम्ही जे लिहिलंय त्यात बरीच माहिती आहे, ती तशीच्या तशी कागदावर उतरवून ठेवा, तपासणाऱ्याला फार उपयोगी पडते.

क्रम विचाराल तर शरीर आधी. डोळे आणि कान तपासल्याशिवाय पुढच्या कुठल्याही टेस्टला अर्थ नाही. शाळेतल्या तपासणीत लांबचा तक्ता वाचायला लावतात, त्यात जवळचं बघायचा त्रास सुटून जाऊ शकतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब टाकून नंबर तपासून घ्या. कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. मग बालरोगतज्ज्ञ, ते हिमोग्लोबिन, थायरॉईड बघतील. रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, दिवसा पेंगतो का, तेही सांगा. बोलता बोलता किंवा जेवता जेवता काही सेकंद एकदम टक लावून थांबतो आणि हाक मारली तरी ओ देत नाही असं होत असेल तर ते मुद्दाम सांगा, एक प्रकारची फिट तशीच असते आणि शाळेत तिला लक्ष नाही असंच म्हणतात. त्यासाठी ईईजी (मेंदूचा आलेख) काढतात.

हे सगळं ठीक निघालं की मग मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट). ते आधी बुद्ध्यांक बघतात, आपल्याकडे मालिनची चाचणी किंवा बिने-कामत वापरतात, आणि नंतर वाचन, लेखन, गणित यांची वेगळी चाचणी, त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच आहे. एका बैठकीत होत नाही, मुलगा दमतो, दोन-तीन वेळा जावं लागेल. एक गोष्ट न विसरता सांगा, घरची भाषा अहिराणी आहे. शब्दांचे अर्थ विचारणाऱ्या भागात मुलगा भाषेमुळे मागे पडला आणि तपासणाऱ्याला ते माहीतच नसेल तर निष्कर्ष चुकतो.

आणि वडील दहावीला दोनदा बसले ते हसून सोडून देऊ नका. वाचनाची अडचण घराण्यात चालत येऊ शकते. त्यांना शांतपणे विचारा की त्यांना नेमकं काय जड जायचं.

घरी एक करून बघा. परिसर अभ्यासाचे दहा प्रश्न त्याला स्वतः वाचून सोडवू द्या, दुसऱ्या दिवशी तशाच दुसऱ्या धड्याचे दहा प्रश्न तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घ्या. दोन्हीत किती फरक पडतो ते इथे लिहा.

प्रतिसाद २

मी साक्रीकडची. माझ्या मुलीचं असंच चाललं होतं, दुसरीत होती, बाई म्हणायच्या ऐकत नाही. खरंच ऐकू येत नव्हतं हो! कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं, सर्दी झाली की कमी ऐकू यायचं आणि उतरली की परत बरं, त्यामुळे आम्हाला पत्ताच लागला नाही. मी वर्षभर तिला रागवत होते, अजून आठवलं की पोटात तुटतं. सगळ्यांचं तसंच असेल असं नाही, पण कान नक्की बघा.

प्रतिसाद ३

सदतीसचं ७३ होणं एकट्यावरून डिस्लेक्सिया ठरवू नका. मी प्राथमिकला शिकवते. मराठीत सदतीस म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि लिहायचे तीन आधी. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला साठ तीन म्हणायची पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. त्यात सेमीला वर्गात थर्टी सेव्हन आणि घरी सदतीस. साडेनऊ वर्षांपर्यंत हे सुटायला हवं होतं हे खरं, पण वाचनातल्या चुकांएवढं वजन याला देऊ नका. आणि दोन भाषा बोलल्याने मूल मागे पडत नाही, आजीशी अहिराणी अजिबात बंद करू नका. खरी वाचनाची अडचण असेल तर ती भाषा बदलली तरी दिसते, त्याची इंग्रजी वही पण सोबत न्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. साक्रीच्या ताई, तुमचं वाचून हात थांबले. याचा डावा कान लहानपणी थंडीत दरवर्षी वाहायचा, तेल कोमट करून टाकायचो आणि विसरून जायचो. डॉक्टरला कधी दाखवलंच नाही.

सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. स्वतः वाचून दहापैकी तीन आले, शेवटचे चार प्रश्न तर सोडूनच दिले. मी वाचून दाखवले तर आठ. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या, त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

ह्यांनाही विचारलं. आधी विषय टाळला. मग रात्री म्हणाले की आजपण पेपरची नुसती हेडिंगच वाचतो, खाली अक्षरं दाटी करतात. लग्नाला बारा वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.

प्रतिसाद १

ताई, तीन आणि आठ हा फरक मोठा आहे. ऐकून समजतंय, अडतंय ते वाचण्यात. पण का अडतंय हे यावरून ठरत नाही, कान आणि डोळे आधीच. सोबत पहिलीपासूनच्या जितक्या वह्या सापडतील तितक्या न्या, सुधारलेल्या नाही, चुकांच्या. गावच्या आरोग्य केंद्रात आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाबद्दल विचारा, ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी त्यांच्याकडे मोफत असते आणि ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे कान, डोळे, बालरोग एकाच आवारात होतील.

पुढे अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) निघालीच तर तीही २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, प्रमाणपत्र ८ वर्षांनंतर मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे सवलती त्यावर मिळतात. पण ते पुढचं. तोपर्यंत शाळेला लेखी विनंती द्या की प्रश्न वाचून दाखवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका.

धागाकर्ती

अर्ज लिहिलाय, उद्या व्हॅनसोबत न देता स्वतः जाऊन देणार. सोमवारी धुळ्याला कानाच्या डॉक्टरकडे जातोय, हेही येताहेत, वेचणी एक दिवस आप्पा बघतील. पलंगाखालच्या पेटीतून दुसरीपासूनच्या वह्या काढल्या, पहिलीच्या सापडल्या नाहीत.

मुलाला काय सांगायचं यावर खूप विचार केला, शेवटी खरंच सांगितलं की वाचताना तुला त्रास कशाने होतो ते शोधायला जायचंय. तो म्हणाला, "तठे वाचाले लावतीन का?" म्हटलं हो, पुढे कधीतरी लावतील, पण तिथे चुकलं तरी चालतं, त्यांना चुकाच बघायच्या असतात. तर म्हणाला मग ती फाटलेली वहीपण घे.

ती पण पिशवीत टाकली आहे. डॉक्टरांना विचारायचं अजून काही सुचत असेल तर रविवारपर्यंत लिहा, मी कागदावर यादी करतेय.