थायरॉईडच्या गाठीचा अहवाल ‘बेथेस्डा ३’ आला आहे. ऑपरेशन करावे की पुन्हा सुई घालावी?

प्रश्न
माझ्या थोरल्या बहिणीच्या थायरॉईडमध्ये उजव्या बाजूला १.८ सेंटीमीटरची भरीव गाठ आहे. टीएसएच (थायरॉईडच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. सोनोग्राफीत गाठ टीआर ४ (मध्यम संशयाच्या) श्रेणीची ठरल्याने एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणे) केली, तिचा निष्कर्ष ‘बेथेस्डा ३’ असा आला. डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की, संशय आहे तर संपूर्ण ग्रंथीच काढून मोकळे व्हावे. सुई लागली की कॅन्सर पसरतो, अशी भीतीही कोणीतरी तिच्या मनात घातली आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
सर्वप्रथम, हा तिसऱ्या टप्प्याचा कॅन्सर नव्हे. बेथेस्डा ही थायरॉईडच्या पेशीतपासणीचा अहवाल देण्याची पद्धत आहे, तिच्यात सहा गट आहेत आणि तिसऱ्या गटाचा अर्थ एवढाच की, काही पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, पण त्यावरून निदान करता येत नाही. २०२३ च्या आवृत्तीनुसार या गटात कॅन्सर निघण्याची शक्यता सरासरी २२ टक्के आहे. दुसऱ्या गटात ती ४, तर सहाव्यात ९७ टक्के असते. मी पेशीतपासणीच्या विभागात काम करते. स्लाइड पुरेशी मानण्यासाठी तिच्यावर प्रत्येकी किमान दहा फॉलिक्युलर पेशींचे (थायरॉईडचे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी) सहा पुंजके नीट दिसावे लागतात. रक्त जास्त आले किंवा थर जाड पसरला, तर पेशींच्या केंद्रकाचा आकार नीट ओळखता येत नाही आणि अहवाल लिहिणाऱ्याला सावध राहावे लागते. म्हणूनच दुसऱ्या वेळी अनेकदा स्पष्ट उत्तर मिळते. डॉक्टरांचा सल्ला मला रास्त वाटतो.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, मात्र सुईची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. फॉलिक्युलर कॅन्सर (त्या पेशींचा कॅन्सर) आणि त्याच प्रकारची साधी, कॅन्सर नसलेली गाठ यांतील फरक, गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिन्या भेदल्या गेल्या आहेत का, यावर ठरतो, आणि सुटी पेशी ते सांगू शकत नाही. पुन्हा संदिग्धच अहवाल आला, तर जनुकीय चाचणी, सोनोग्राफीने देखरेख किंवा निदानासाठी केवळ उजवा भाग काढणे, हे पर्याय उरतात. संपूर्ण ग्रंथी काढल्यास आयुष्यभर गोळी घ्यावी लागते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथींना व दोन्ही बाजूंच्या स्वरतंतूंच्या नसांना धोका असतो. निदान झालेले नसताना एवढी किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद ३
माझी ही तपासणी दोनदा झाली आहे, म्हणून ताईंसाठी लिहितो. खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत रक्त काढण्याच्या सुईपेक्षाही बारीक सुई गाठीत घालतात आणि ती आत असेपर्यंत आवंढा गिळू नये, बोलू नये असे सांगतात. नंतर थोडी ठसठस राहते. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याची उदाहरणे अत्यंत दुर्मीळ आहेत, त्या भीतीने तपासणी टाळू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे, ती स्वतःहून बंद करू नयेत. पहिल्या वेळच्या स्लाइड्सही मागून घ्या. दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टना त्या दाखवता येतात, आणि त्यासाठी ताईंना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही.