खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावता का? (नाक लाल झालंय, मदत हवी)

मनीमाऊ:
नाकावरचे ब्लॅकहेड्स काही केल्या जात नाहीत, म्हणून एक व्हिडिओ बघून खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस कालवून चोळला. मस्त फसफसला, वाटलं काम होतंय! धुतल्यावर नाकपुड्यांच्या बाजू लालबुंद. आज नुसतं मॉइश्चरायझर लावलं तरी चरचरतंय. प्रमाण चुकलं का? केसांना, काखेत, दातांना कोणी वापरतं का? अर्धा डबा उरलाय.

खटपट्या:
प्रमाण नाही, चेहऱ्याला लावणंच चुकलं. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण 5. सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर. पीएच तीनने वाढला की आम्लता हजारपट कमी होते, म्हणजे त्वचेचं वरचं संरक्षण तुम्ही स्वतःच काढून टाकलंत. ती फसफस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा आणि लिंबू एकमेकांना मारून मोकळे! आता आठवडाभर सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बाकी काही नको. पूर्ण बरं वाटलं की 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड आठवड्यातून दोनदा लावून बघा. ते तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रात उतरतं.

उंटावरची शहाणी:
केसांचं माझ्याकडून ऐक गं. शांपू सोडून चार महिने सोड्याने केस धुतले. सुरुवातीला केस कसे करकरीत स्वच्छ! मग फणी अडकायला लागली, टोकं झाली खराट्यासारखी. शेवटी चार बोटं कापावी लागली. काखेत लावला तर वास खरंच कमी येतो, पण मला तिसऱ्या दिवशी पुरळ आलं. वॅक्सिंगनंतर तर चुकूनही नको.

खटपट्या:
दातांचं मात्र वेगळं. सोडा दातांच्या आवरणापेक्षा मऊ असतो, वरवरचे डाग निघतात. पण त्यात फ्लोराइड नसतं, म्हणून सोडा असलेली फ्लोराइडची टूथपेस्ट घ्या, कोरडी पूड घासू नका. लिंबू तर दातांना अजिबातच नको. आणि डब्यावरचं नाव नीट वाचा, धुण्याचा सोडा कितीतरी जहाल असतो.

उंटावरची शहाणी:
उरलेला डबा फण्यांना वापर. कोमट पाण्यात दोन चमचे सोडा, थोडा शांपू, अर्धा तास भिजवून जुन्या टूथब्रशने दातांच्या बुडाशी घास. लाकडी फणी भिजवू नकोस, फुगते.

मनीमाऊ:
डबा आरशासमोरून हलवला. चार फण्या भिजवल्यात. पाणी राखाडी झालंय आणि वर तेलाचा तवंग. हेच रोज डोक्यातून फिरवत होते मी!