पुरात अडकलेलं प्रभुभोजन – मधे माणूस लागतो की नाही?

रंगावलीकाठचा
मंडळी, आमच्या चर्चमधे दोन तट पडले म्हणून विचारतोय. नवापूर तालुक्यातलं छोटं गाव, पास्टर पाच गावं मोटारसायकलवर करतात, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी. या खेपेला नदीला पूर, फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी, पास्टर पलीकडं अडकले आणि फोनला रेंज नाही. चाळीसेक माणसं तासभर बसून राहिली. शेवटी मंडळीतले एक वडील, सत्तरीचे, उठले. पाव यायचा तो नवापूरहून, तो कुठला येतो! मग त्यांच्या घरून ज्वारीची भाकरी आणली, मनुकांचा रस आदल्या रात्री करून ठेवलेलाच होता. भाकरी मोडताना म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, अर्धे तुकडे ओट्यावर पडले, ते पण त्यांनी उचलून घेतले.
आता काही जण म्हणतात हे झालंच नाही, पास्टरपणाची दीक्षा नसलेल्या माणसानं दिलेलं धरायचं नाही. माझं म्हणणं उलटं. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा सातवा ते दहावा अध्याय वाचा. ख्रिस्त हाच प्रमुख याजक म्हणजे पुरोहित, त्यानं स्वतःचं एकदाच अर्पण केलं आणि विषय संपला, मग मधे आणखी माणूस कशाला?

भुसावळ जंक्शन
मी कॅथलिक आहे, आधीच सांगतो. भाऊ, तुमच्या म्हाताऱ्याबद्दल आदर आहे पण तुम्ही अर्धंच वाचलं. आम्ही पण म्हणतो की बलिदान एकच. मिस्सामधे, म्हणजे आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, ते परत होत नाही, तेच आपल्यापुढं मांडलं जातं, आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1562 मधे हे लिहून ठेवलंय. फादर तिथं स्वतःच्या नावानं उभे नसतात, ख्रिस्ताच्या नावानं असतात. आणि ज्याच्यासारखा याजक ख्रिस्त आहे असं इब्री पत्र म्हणतं, तो शालेमचा राजा आणि याजक मलकीसदेक अब्राहामाला भेटला तेव्हा काय घेऊन आला? भाकर आणि द्राक्षारस, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा 14 वा अध्याय. उगीच आणला का? (आणि आमच्याकडं भाकर गव्हाचीच लागते, ज्वारीची चालतच नाही, पण ते जाऊ द्या.)

रंगावलीकाठचा
ज्वारी चालत नाही म्हणजे खान्देशात कठीणच आहे भो 😄
मलकीसदेकाचं बोलायचं तर इब्रीचा लेखक त्याच्यावर एवढं लिहितो, नावाचा अर्थ, गावाचा अर्थ, अब्राहामानं दशमांश दिला ते, आईबाप लिहिलेले नाहीत ते सुद्धा, आणि भाकर-द्राक्षारसावर एक अक्षर नाही. ज्याला तो मुद्दा सगळ्यात जास्त उपयोगी पडला असता त्यानंच तो सोडून दिला.
दुसरं, दहाव्या अध्यायात बघा, याजक रोज *उभा* राहून सेवा करतो आणि ख्रिस्त अर्पण करून *बसला*. निवासमंडपात, म्हणजे जुन्या काळच्या उपासनेच्या तंबूत, मेज होतं, दीपवृक्ष होता, धूपवेदी होती, याजकाला बसायला काही सांगितलेलंच नाही. काम कधी संपायचंच नाही तर बसणार कुठं? मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वावरात होतो, निंदणी सोडून बांधावर बसलो.

पांझरा
बसला ते ठीक आहे पण म्हणून ज्यानं त्यानं उठावं काय? बायबलातला उज्जीया राजा आठवा, चांगला राजा होता, याजकाचं काम असलेला धूप स्वतः जाळायला मंदिरात घुसला आणि कपाळावर कोड उठलं. मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाला जमिनीनं गिळलं, तेही वाचा, तो पण हेच म्हणत होता की बठ्ठी मंडळी पवित्र आहे. आमच्या धुळ्याकडं मी बघून राहिलो, ज्याला दोन वचनं पाठ तो स्वतःची वेगळी मंडळी काढतो. आज पूर होता, उद्या म्हणाल पास्टरला ताप होता, परवा म्हणाल पास्टर आवडत नाही.

रंगावलीकाठचा
हा मुद्दा लागला मला, खरंच. शिस्त पाहिजे हे मान्य. पण उज्जीया जुन्या करारातला. त्याच नियमानं बघितलं तर येशू पण याजक होऊ शकत नव्हता, तो यहूदा वंशातला आणि याजकपण लेवी वंशाचं. इब्री 7 मधे सरळ लिहिलंय की याजकपण बदललं की नियमही बदलावा लागतो.

दस्तलेखक शहादा
मी ख्रिस्ती नाही, तहसीलबाहेर टेबल लावून बसतो, तीस वर्षं दस्त लिहितोय. तुमचं भांडण वाचून एक विचारतो. हा नवा करार म्हणजे चूक दुरुस्ती दस्त आहे का जुना रद्द करून नवा केलेला? दोन्हीत लई फरक असतो. दुरुस्तीत मूळ दस्त जिवंत राहतो.

रंगावलीकाठचा
आप्पा, चर्चमधे कोणी विचारला नाही असा प्रश्न! यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात देव म्हणतो नवा करार करीन, बापजाद्यांशी केला *तसा नाही*, नियम हृदयावर लिहीन. इब्री 8 त्यावरून म्हणतं की पहिला जुना झाला. म्हणजे दुरुस्ती नाही. आणि ग्रीकमधे करार आणि मृत्युपत्र दोन्हीला एकच शब्द आहे, नवव्या अध्यायात तो लेखक त्याच्यावरच खेळतो, की करणारा मेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही.

दस्तलेखक शहादा
मग बरोबर आहे. पण मृत्युपत्र लागू झालं तरी सातबाऱ्यावर वारसाचं नाव आपोआप चढत नाही, तलाठ्याकडं जावंच लागतं.

भुसावळ जंक्शन
आप्पा, फादरचं काम तुम्ही एका ओळीत सांगितलं 🙏

रंगावलीकाठचा
थांबा थांबा, तलाठी नोंद करतो, जमीन देत नाही! नोंद नसली तरी हक्क वारसाचाच. माझं एवढंच म्हणणं आहे, पास्टर असावा, शिकवावं, नोंद ठेवावी, पण म्हाताऱ्याच्या हातून घेतलं म्हणून ते नव्हतंच असं म्हणू नका.

पांझरा
पास्टर स्वतः काय म्हणाले ते तर सांगा.

रंगावलीकाठचा
बुधवारी पाणी उतरलं तसे आले. सगळं ऐकून घेतलं, म्हणाले कमिटीपुढं ठेवतो. मग त्या म्हाताऱ्यांना विचारलं, उरलेल्या रसाचं काय केलं. तो तर पोरांनी बाहेर जाऊन पिऊन टाकला होता. त्याच्यावर आता कमिटीत वेगळं चालू आहे.